क्षणाचा न्याय

थंडीचे दिवस आले, शेतातील कापसाची वेचणी उरकत आली, की विदर्भातील खेड्यापाड्यांना शंकरपटाचे वेध लागतात. यवतमाळ जिल्ह्यातील नेर हे अमरावती-यवतमाळ मार्गावरील तालुक्याचे गाव. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील शंकरपट तर दूरवर प्रसिद्ध आहे. बैलांच्या धावण्यासाठी आखलेल्या पट्टीला 'दाण' म्हणतात. दाणीच्या दोन्ही अंगांना माणसांची दाटी झालेली असते. इशारा होतो, धुळीचा एक लोट उठतो आणि अवघ्या काही सेकंदांत जोडी दुसऱ्या टोकाला पोहोचलेली असते. या शर्यती ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बंद झाल्या होत्या. पुढे महाराष्ट्राने आपला कायदा सुधारला व तो १८ मे २०२३ रोजी त्याच न्यायालयाने वैध ठरवला. आता जनावरांचा छळ होऊ नये यासाठी घातलेले नियम पाळूनच शर्यत भरवावी लागते.

अशा शर्यतीत कोणती जोडी अधिक वेगवान, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक जोडीला लागलेली वेळ सेकंदांत आणि सेकंदाच्या अंशांत नोंदली जाते व तिच्यावरून निकाल ठरतो. वर्षभराची मेहनत, मालकाचा मान आणि बक्षीस हे सारे त्या अंशावर अवलंबून असते. एवढा लहान अंश मोजायचा तरी कसा, आणि मोजला तर तो बरोबर कशावरून?

समजा, नेर येथील एका शाळेतील मुलांनी दिवाळीच्या सुटीत अशीच एक शर्यत मांडली. मात्र तीत ना बैल होते, ना मैदान. शाळेतील दोन लांब बाके एकमेकांना जोडून त्यांवर एक मोठी फळी ठेवली होती. फळीवर लंबवर्तुळाकार मार्ग आखून सुताराकडून त्यात दोन खाचा पाडून घेतल्या होत्या, एक आतल्या बाजूस व दुसरी बाहेरच्या बाजूस. प्रत्येक खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याच्या अरुंद पट्ट्या चिकटवल्या होत्या. या पट्ट्यांतून विजेचा प्रवाह वाहतो. चिमुकल्या मोटारगाडीच्या तळाशी एक खुंटी असते, ती खाचेत उतरते आणि गाडीला वाट सोडू देत नाही. खुंटीच्या दोन्ही बाजूंचे तारेचे झुबके तांब्याच्या पट्ट्यांना घासत जातात व त्यांतून गाडीतील यंत्राला वीज मिळते. खेळणाऱ्याच्या हातात एक कळ असते. ती जितकी अधिक दाबावी तितका प्रवाह वाढतो व गाडी वेगाने धावते. पण वळणावर वेग आवरला नाही, तर गाडी खाच सोडून फेकली जाते. तेव्हा या खेळातील खरे कौशल्य धावण्यात जेवढे आहे, तेवढेच थोपण्यातही आहे. इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी १९५७ साली 'स्केलेक्स्ट्रिक' या नावाने हा खेळ लोकांपुढे आणला आणि पुढे तो देशोदेशी पसरला. त्यासाठी बारा व्होल्टची सौम्य वीज पुरते. घरातील विजेच्या जोडणीतून थेट प्रवाह घेणे जिवावर बेतू शकते. म्हणून मुलांनी गुरुजींच्या देखरेखीखाली प्रवाह सौम्य करणारे साधन मध्ये जोडले होते.

दहा फेऱ्यांची शर्यत ठरली. आतल्या खाचेत लाल गाडी होती. तिची कळ एका मुलाच्या हाती होती. बाहेरच्या खाचेत निळी गाडी होती. ती एक मुलगी चालवीत होती. दहाव्या फेरीच्या अखेरीस दोन्ही गाड्या रेषेवर अशा काही बरोबरीने आल्या, की अर्धी मुले "लाल!" म्हणून ओरडली आणि अर्धी "निळी!" म्हणून. दोन्ही पक्षांना आपण खरे बोलत आहोत याची खात्री होती. शब्दाने शब्द वाढला. शेवटी गुरुजी मध्ये पडले.

गुरुजींनी कोणाचीच बाजू घेतली नाही. त्यांनी एक जुनी हकीकत सांगितली. १९६० साली रोम येथे ऑलिंपिक सामने भरले होते. १०० मीटर पोहण्याच्या अंतिम शर्यतीत ऑस्ट्रेलियाचे जॉन डेव्हिट आणि अमेरिकेचे लान्स लार्सन जवळजवळ एकाच क्षणी भिंतीला पोहोचले. प्रत्येकाची वेळ तीन पंचांनी तीन घड्याळांवर टिपली होती. डेव्हिट यांच्या तिन्ही घड्याळांवर ५५.२ सेकंद होते. लार्सन यांच्या घड्याळांवर ५५.०, ५५.१ आणि ५५.१ सेकंद होते. म्हणजे घड्याळे लार्सन यांच्या बाजूने होती, पण पाहणाऱ्या पंचांत एकमत नव्हते. अखेर सुवर्णपदक डेव्हिट यांना दिले गेले आणि लार्सन यांची वेळही ५५.२ अशीच नोंदली गेली. या निकालावरचा वाद वर्षानुवर्षे मिटला नाही. पुढे १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये तलावाच्या भिंतीवर असे फलक बसवले गेले, की पोहणाऱ्याचा हात लागताच घड्याळ आपोआप थांबावे.

"हरणाऱ्याला जो पटत नाही, तो निकाल अपुराच राहतो," गुरुजी म्हणाले. "आधी मोजायचे साधन तयार करा, मग पुन्हा शर्यत लावा."

मुलांनी प्रथम सोपा उपाय केला. एकच गाडी एक फेरी धावेल आणि तीन मुले तीन स्टॉपवॉचवर तिची वेळ मोजतील, असे ठरले. गाडी धावली. एका घड्याळावर २.९ सेकंद दिसले, दुसऱ्यावर ३.१ आणि तिसऱ्यावर ३.३. गाडी एक, फेरी एक, आणि वेळा मात्र तीन! तिघांपैकी कोणीही लबाडी केली नव्हती. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मेंदूला कळून बोटाने कळ दाबेपर्यंत माणसाला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो, आणि हा काळही सर्वांचा किंवा सर्व वेळा सारखा नसतो. आता हिशेब पाहावा. मार्ग सहा मीटरांचा, फेरीला तीन सेकंद, म्हणजे गाडीचा वेग सेकंदाला दोन मीटर. सेकंदाच्या पाचव्या भागात ती चाळीस सेंटीमीटर पुढे जाते. गाडीची लांबी तर वीतभरही नसते. बोट उचलेपर्यंत जेवढे अंतर कापले जाते, त्यात जवळजवळ तीन गाड्या एकापुढे एक मावतील!

एका मुलाने चांगली शंका काढली. "घड्याळ सुरू करताना उशीर होतो, तसाच ते थांबवतानाही होतो. मग दोन्ही उशीर एकमेकांना भागत नाहीत का?" दोन्ही उशीर अगदी सारखे असते, तर ते खरोखरच भागले असते. पण ते सारखे नसतात. याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशाच्या क्रीडा-इतिहासात आहे. त्याच रोम ऑलिंपिकमध्ये ६ सप्टेंबर १९६० रोजी मिल्खा सिंग ४०० मीटर धावण्याच्या शर्यतीत चौथे आले. हाताने मोजलेली त्यांची वेळ ४५.६ सेकंद होती. आपोआप चालणाऱ्या यंत्राने मोजलेली वेळ ४५.७३ सेकंद होती. बंदुकीचा बार अवचित होतो, म्हणून घड्याळ सुरू करताना हात मागे पडतो. धावपटू मात्र रेषेकडे येताना आधीपासून दिसत असतो, म्हणून थांबवताना हात तयार असतो. सुरुवातीचा उशीर मोठा, शेवटचा लहान, आणि म्हणून हाताची वेळ खऱ्याहून कमी भरते. १९९८ साली कोलकाता येथे परमजीत सिंग यांनी हेच अंतर ४५.७० सेकंदांत तोडले, तेव्हा या दोनपैकी कोणत्या वेळेशी तुलना करावी, असा प्रश्न उभा राहिला तो यामुळेच.

मुलांना आता एक गोष्ट कळून चुकली. मोजण्यातून माणसाचा हात काढून टाकला पाहिजे. गाडीनेच आपली वेळ आपण सांगितली पाहिजे.

कोणी सुचवले, की रेषेवर दोरा ताणून बांधावा. गाडीने तो तोडला की घड्याळ थांबेल. युक्ती चांगली होती, पण ती एकदाच धावायच्या शर्यतीला शोभणारी होती. येथे तर दहा फेऱ्या होत्या आणि प्रत्येक फेरीनंतर दोरा कोण बांधणार? शिवाय दोरा तोडताना एवढीशी गाडी अडखळत असे. मोजण्याच्या साधनाने मोजायच्या वस्तूलाच अडवले, तर ते मोजमाप कसले?

मग दुसरी युक्ती निघाली. बाजारात चुंबकाने मिटणारी एक चिमुकली कळ मिळते. काचेच्या नळीत लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या बंद केलेल्या असतात. चुंबक जवळ आला की त्या एकमेकींना चिकटतात आणि दूर गेला की सुटतात. मुलांनी ही कळ फळीच्या खाली बसवली आणि गाडीच्या तळाला चुंबक लावला. कळीच्या दोन तारा त्यांनी एका जुन्या कॅल्क्युलेटरच्या 'बरोबर' या बटणाखाली जोडल्या. 'एक अधिक एक' असे दाबून ठेवले, की पुढे 'बरोबर'चे बटण जितक्या वेळा मिटेल तितक्या वेळा त्या साध्या यंत्रात एकेक वाढत जाई. गाडी रेषेवरून गेली की आकडा एकाने वाढे. फेऱ्या मोजण्याचे काम निभावले. पण फेरी किती वेळात झाली, हे कॅल्क्युलेटर सांगू शकत नव्हता.

तिसऱ्या प्रयत्नात त्यांनी प्रकाशाची मदत घेतली. रेषेवर पुठ्ठ्याची एक कमान उभी केली. कमानीच्या छताला दोन छोटे दिवे लावले, प्रत्येक खाचेच्या बरोबर वर एक. दिव्याखाली खाचेत एक छिद्र पाडून त्यात प्रकाश ओळखणारा भाग बसवला. त्याला मुले 'डोळा' म्हणू लागली. गाडी कमानीखाली आली की डोळ्यावर अंधार पडतो आणि त्याच्या तारेतील प्रवाह बदलतो. गाडीला कोणी अडवत नाही, कोणी शिवतही नाही. या तारा त्यांनी 'अर्डुइनो' नावाच्या तळहाताएवढ्या पटलाला जोडल्या. विद्यार्थ्यांना व कारागिरांना सहज वापरता यावे म्हणून असे पटल २००५ साली इटलीत तयार झाले. आपण लिहून दिलेल्या सूचना ते एकामागून एक पाळते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत काळ मोजते. मुलांच्या सूचना साध्या होत्या. अंधार झाला की तो क्षण टिपावा, त्यातून मागच्या अंधाराचा क्षण वजा करावा, जी बाकी उरेल ती फेरीची वेळ समजावी.

यंत्र सुरू झाले आणि पहिल्याच फेरीनंतर त्याने सांगितले, की पुढील फेरी ०.०३ सेकंदात पूर्ण झाली! सारी मुले हसली, पण हसून प्रश्न सुटत नव्हता. त्यांनी गाडी उलटी करून पाहिली. तिचा तळ सलग नव्हता, मधे फट होती. पुढचा भाग डोळ्यावरून गेला की अंधार होई, फटीतून पुन्हा प्रकाश येई, आणि मागचा भाग आला की दुसरा अंधार होई. यंत्र त्यालाच नवी फेरी समजे. तेव्हा मुलांनी एक सूचना वाढवली. एकदा अंधार टिपल्यावर अर्धा सेकंद त्या खाचेकडे दुर्लक्ष करावे. कोणतीही गाडी अर्ध्या सेकंदात संपूर्ण फेरी घेऊ शकत नव्हती, म्हणून या सूचनेने कोणाचे नुकसान होत नव्हते.

दुपारी चारनंतर यंत्र पुन्हा बिघडले. गाडी गेली तरी आकडा हलेना. पश्चिमेच्या खिडकीतून उतरते ऊन तिरपे थेट कमानीत शिरत होते आणि गाडीखालीही डोळ्याला उजेड दिसत होता. मुलांनी कमानीच्या दोन्ही बाजूंना काळ्या कागदाचे पडदे लावले व अडचण दूर झाली.

आता शर्यत लावावी, असा सर्वांचा आग्रह होता. पण निळ्या गाडीची मुलगी म्हणाली, "यंत्र बोलू लागले, हे खरे. पण ते खरे बोलते कशावरून?"

गुरुजींना हा प्रश्न फार आवडला. त्यांनी लंबकाची परीक्षा सुचवली. एका बारीक दोऱ्याला जड गोटी बांधून ती टांगली. टांगलेल्या जागेपासून गोटीच्या मध्यापर्यंतची लांबी सुमारे ९९ सेंटीमीटर ठेवली. एवढ्या लांबीचा लंबक लहान झोक्याने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला एक सेकंद घेतो. दिवा आणि डोळा कमानीतून काढून समोरासमोर ठेवले आणि त्यांच्या मधून गोटी जाईल असे केले. यंत्र दर खेपेस एक सेकंदाच्या अगदी जवळचा आकडा दाखवू लागले. मग शंभर खेपा मोजून त्या मनगटी घड्याळाशी ताडून पाहिल्या. पुष्कळशा मनगटी घड्याळांत गारेच्या जातीचा, क्वार्ट्‌झ नावाचा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या निम्मी, पुन्हा निम्मी, अशी पंधरा वेळा केली की बरोबर एक उरतो, आणि घड्याळातील यंत्रणा अशाच रीतीने त्या कंपांतून एक सेकंद काढते. दोन्हींचा मेळ बसला. दोन्ही डोळ्यांची अशीच परीक्षा झाली. मुलांना यंत्राचा भरवसा आला, आणि तो कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर तपासण्यावरून आला.

पुन्हा दहा फेऱ्यांची शर्यत झाली. यंत्राने निकाल दिला. लाल गाडी चार शतांश सेकंदांनी पुढे! लाल गाडीच्या मुलाने आनंदाने उडी मारली. निळ्या गाडीची मुलगी रुसली नाही. तिने एक लांब दोरा घेतला आणि तो आधी आतल्या खाचेत व मग बाहेरच्या खाचेत बसवून मोजला. आतली खाच सहा मीटर भरली आणि बाहेरची सहा मीटर त्रेसष्ट सेंटीमीटर! दोन खाचांमध्ये दहा सेंटीमीटर अंतर होते. वळणे मिळून एक पूर्ण वर्तुळ होते, म्हणून बाहेरच्या गाडीला दर फेरीस एवढे अधिक धावावे लागत होते. दहा फेऱ्यांत हा फरक सहा मीटरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ एका संपूर्ण फेरीइतका झाला होता. उलट बाहेरचे वळण मोठे असल्यामुळे त्यावर गाडी अधिक वेगाने नेता येते, हेही खरे होते. यंत्राने खोटे सांगितले नव्हते. पण दोघांना सारखी वाट मिळाली होती का, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते. ४०० मीटर धावण्याच्या शर्यतीत बाहेरच्या पट्ट्यातील धावपटूला पुढून सुरुवात देतात, त्याचे कारण हेच.

सर्वानुमते नवा नियम झाला. प्रत्येक गाडीने पाच फेऱ्या आतल्या खाचेत व पाच बाहेरच्या खाचेत धावायच्या आणि दोन्ही वेळांची बेरीज धरायची. तिसऱ्यांदा शर्यत झाली. लाल गाडीची वेळ ३०.२७ सेकंद भरली, निळीची ३०.३२. मुलगी हरली. पण या वेळी कोणी ओरडले नाही. तिने स्वतःच वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि लाल गाडीच्या मुलाकडे वही दिली. "उद्या पुन्हा लावू," एवढेच ती म्हणाली.

सेकंदाच्या लहानशा अंशाची किंमत काय असते, हे भारताला १९८४ साली कळले. लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा ५५.४२ सेकंदांत धावल्या. रुमानियाच्या क्रिस्टिआना कोजोकारू ५५.४१ सेकंदांत. कांस्यपदक एका शतांश सेकंदाने हुकले. त्या वेगाने धावणारी व्यक्ती शतांश सेकंदात सुमारे सात सेंटीमीटर पुढे जाते. सारा देश हळहळला, पण मोजमापावर कोणी बोट ठेवले नाही. हाताने मोजले असते, तर हा फरक कोणाला सांगताच आला नसता आणि हळहळीच्या जागी कायमचा संशय उरला असता.

हार कोणालाच गोड लागत नाही. परंतु साधन सर्वांसमोर तपासलेले असेल आणि वाट सर्वांना सारखी असेल, तर हरणाऱ्याला आपली हार पटते व जिंकणाऱ्याला आपल्या विजयाची लाज वाटत नाही. दाणीवर धावणारी जोडी असो की फळीवर धावणारी चिमुकली गाडी, क्षणाचा न्याय एवढ्याचसाठी करायचा असतो.

स्वाध्याय

१. तीन स्टॉपवॉचवर तीन निराळ्या वेळा का आल्या?
२. हाताने मोजलेली वेळ खऱ्या वेळेहून कमी का भरते, ते मिल्खा सिंग यांच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.
३. 'यंत्राने खोटे सांगितले नव्हते,' तरी पहिला निकाल अपुरा का होता?
४. ३२,७६८ ही संख्या पंधरा वेळा निम्मी करून पाहा.
५. दोरा व गोटी घेऊन ९९ सेंटीमीटर लांबीचा लंबक करा आणि त्याच्या साठ खेपा घड्याळाशी ताडून पाहा.